तपेल्याचं माप

(डिचोली तालुक्यातलं मुळगाव. गोवा घटक राज्य झाल्यानंतरचं तिसरं वर्ष, शिगम्याआधीची सकाळ. घरामागच्या खोपीत तीन दगडांवर पेजेचं तपेलं. आमदार जयराम थोरल्या बहिणीकडे, शेवंतीकडे आले आहेत. अकराला पणजीत विधानसभा.)

शेवंती : पण तू मागल्या दारान कित्याक इलंस?

जयराम : पुढचं अंगण ओलं होतं, बाय. शिगम्याचं सारवण, पाय उमटले असते. तू माझ्या प्रश्नावर प्रश्न घालू नकोस. ही तीन दगडांची चूल कधीपासून?

शेवंती : आज पाणी तापवूक म्हणान मांडलंय.

जयराम : तपेल्यात पेज आहे. दगड काळे ठिक्कर पडलेत. वर छपराला काजळी लोंबतेय. एका सकाळीत एवढी?

शेवंती : आमदार झाल्यापासून तुका सगळा दिसूक लागला. बस, पेज घे. पोदेराकडलो उंडो पाव पण आसा.

जयराम : आत सरकारने बांधून दिलेली निर्धूर चूल आहे ना?

शेवंती : आसा.

जयराम : मग?

शेवंती : थंय कोंबडी बसल्या.

जयराम : कुठे?

शेवंती : चुलीत. अंड्यांवर. पाच दिस अजून तिका उठवूक नाय. कोनाड्यासारखी जागा, वारो नाय, मांजर पोचणा नाय. बरी पसंत पडली तिका. ही दुसरी खेप.

जयराम : बाय, मी हसायला आलेलो नाही.

शेवंती : मी खंय हसतंय?

जयराम : आज काय आहे ठाऊक आहे तुला? माझा ठराव. डिचोली आणि पेडणे मिळून आणखी दोन हजार चुली, हीच चूल, हेच माप. चार अधिवेशनं झिजलो मी ह्याच्यापायी. पहिल्यांदा प्रश्न टाकला, उत्तर आलं की माहिती गोळा करण्यात येत आहे. दुसऱ्या खेपेला भाषेवरून गदारोळ, सभागृह तहकूब, माझा प्रश्न कागदावरच राहिला. तिसऱ्या खेपेला मंत्रीच बदलले. नवे म्हणाले, सदस्यांनी गॅसचं बोलावं, चुलीचे दिवस गेले. मी म्हटलं, गॅसला नंबर लावून माझ्याकडच्या बायका म्हाताऱ्या व्हायला आल्या, त्यांनी तोवर काय पेटवायचं? आणि चौथ्या खेपेला...

शेवंती : चौथ्या खेपेक तू माझा नाव घेतलंस.

जयराम : नाव नाही घेतलं. माझी बहीण म्हटलं.

शेवंती : मुळगावात तुका भयणी किती आसत? पेपरात इला ता. सुनेन, सुविधान, वाचून दाखवल्यान. 'माझ्या बहिणीच्या चुलीला आता धूर येत नाही, तिचे डोळे निवळले.' मी डोळे पुसत ऐकलंय. ह्याच खोपीत.

जयराम : त्या वाक्यावर सभागृह गप्प झालं होतं. मंत्र्यांनी मान हलवली. काल त्यांचा निरोप आला, उद्या ठराव मान्य करतो. चार अधिवेशनांत पहिल्यांदा कोणी 'हो' म्हटलंय मला. म्हटलं, तुझ्या पाया पडून मग बेतीची फेरीबोट गाठावी. आणि इथे येतो तर... पण मी डोळ्यांनी बघितली होती ती चूल पेटलेली. बांधून झाली त्या दिवशी.

शेवंती : त्या दिसा तिच्यावर काय शिजला?

जयराम : चहा.

शेवंती : हां. चायचो टोप त्या तोंडार बरोबर बसता. सायबांनी चाय घेतली, तू घेतलंस, नारळ फोडलो, गेलात. दुसऱ्या दिसा मी पेजेचा तपेला घेऊन उभी. आता ह्या तपेला... ह्या तपेल्याक बघ मरे. नऊ माणसांची उकड्या तांदळाची पेज. ह्या त्या तोंडात उतरणा नाय. काठार टेकवूचा, आणि एका बाजून फट रवली काय धूर नळ्यातसून जायना, माझ्या तोंडार येता. ह्या दगडांचो धूर निदान वाऱ्यार जाता.

जयराम : लहान भांडं घ्यायचं होतंस.

शेवंती : तीन वेळा शिजवू? मगे शेतात कोण, तुझे मंत्री जातले?

जयराम : मला सांगायचं होतंस. एक शब्द. मी काय परका आहे?

शेवंती : सुविधाचो पाय भाजललो, आठवता?

जयराम : हो. गरम पाण्याची बालदी उलटली म्हणालीस.

शेवंती : बालदी नाय. तपेला. त्या चुलीवरसून कलांडला, शिजती पेज. घोट्यापासून खाली कातडी सुटली पोरीची.

जयराम : ...आणि तू मला बालदी सांगितलीस.

शेवंती : तू इचारलंस तेवा पेपरात येऊन चारच दिस झाल्ले. वाटेन जाताना लोक हात जोडीत, आमदाराची भयण म्हणान. तू लहान असताना खोटा बोललंस तर मी तुका फोकान मारी होतंय. आता सगळ्या गोंयाक तू खोटो म्हणान कसा दाखवू?

जयराम : आणखी कुणाला ठाऊक आहे हे?

शेवंती : बायलांक. सगळ्यांक.

जयराम : सगळ्यांना म्हणजे?

शेवंती : पौषात आमी बायलो ओळीन धालो नाचलंव. मांडार आमी म्हटला.

जयराम : धालोमध्ये? माझ्यावर गाणं?

शेवंती : चुलीर. तू मगे इलंस त्यात.

जयराम : म्हण.

शेवंती : दादल्यांक ऐकूक नाय ता. म्हणान तर मांडार येऊक देणत नाय तुमका.

जयराम : बाय, मला दोन तासांत त्या सभागृहात उभं राहायचंय. म्हण.

शेवंती :
नळो गो चुलीचो माडाएवढो उंच,
तोंड गो चुलीचा टीच गो टीच.
भाऊ गो शेवंतीचो सभेत गाजता,
चुलीत शेवंतीच्या कोंबडी निजता.

जयराम : कुणी जोडलं हे? ती शेजारची रुक्मिणी असणार. तिची जीभ तशीच आहे.

शेवंती : मीच जोडलंय.

जयराम : तू?

शेवंती : तुका सांगूक जमला नाय. थंय जमला.

महादेव : अक्का, हाईसा का? रुक्मिणीअक्कांकडचं काम उरकलं. म्हनलं, तुमी नगं म्हनता तरी जाता जाता तुमचं माप घ्यून ठेवावं, कोंबडी उठली की... आरं देवा. साहेब. मी येतो मागनं.

जयराम : थांब. तुला कुठेतरी पाहिलंय मी.

शेवंती : आतली चूल बांधललो तो गवंडी. बेळगावसूनचो महादेव. बस रे, तुका खाणा नाय तो.

जयराम : बरा सापडलास. नऊ माणसांच्या घरात चहाच्या टोपाएवढं तोंड ठेवलंस? डोळे होते ना तुला?

महादेव : व्हते, साहेब. पयल्या दोन चुली मी घरचं भांडं बघूनच केल्त्या, मोठ्या तोंडाच्या. तपासनीस आले. त्यांच्यापाशी पत्र्याची गोल कडी असती. ती चुलीच्या तोंडावर ठेवत्यात. कडी बसली तर चूल पास, आत पडली तर नापास. दोन्ही फोडाय लावल्या. म्हनले, बायकांना भांडं बदलाय सांग. तवापासनं मी कडीचंच ऐकतो.

जयराम : कडी कुणी दिली?

महादेव : कागदात लिवलंय म्हनं माप. कागद कुणी केला ते मला काय म्हाईत? तुमच्याकडंच होत असत्याल कागद.

शेवंती : आता रुक्मिणीकडे काय केलंस ता सांग त्येका.

महादेव : नगं अक्का.

शेवंती : सांग.

महादेव : सुट्टीच्या दिवशी येतो. ह्या दोरीनं घरच्या तपेल्याचा घेर मोजतो, गाठ मारतो, आन् चुलीचं तोंड तेवढं कोरून परत लिंपतो. भांडं गळ्यापत्तोर आत बसतं. फट न्हाई, मग धूर जातो कुठं? नळ्यानंच जातो. सोळा झाल्या मुळगावात. पर कडी लावली तर सगळ्या नापास. कळलं तर मला पुन्हा काम न्हाई, साहेब. तुमी ऐकलं न्हाई म्हना.

शेवंती : त्या घरांनी आता दार-जनेल बंद करून रांधतत. जाऊन बघ.

जयराम : सोळा घरी झालं, मग तुझी का नाही कोरलीस?

शेवंती : सरकारचो कोण बघूक इलो तर पयली खंयची चूल बघतलो? आमदाराच्या भयणीची. ती तुझ्या बोलण्यासारखी दिसूक होई. कोंबडी तेवढी काढूची, लादी पुसूची.

जयराम : म्हणजे तीन महिने तू हा धूर...

शेवंती : धूर माका नवो नाय.

जयराम : ठराव आज मागे घेतला तर पुन्हा वर्षभर कोणी विचारणार नाही. आहे तसा रेटला तर कडीच्या मापाच्या दोन हजार चुली. दोन हजार तपेली काठावर टेकवलेली. बाय, त्या ठरावात 'मान्यताप्राप्त मापाच्या' हे शब्द माझ्या हाताने घातलेत मी. म्हटलं, माप लिहिलं की ठेकेदार चोरी करणार नाही.

महादेव : चोरी झाली न्हाई, साहेब. माप येकदम बरोबर हाय.

जयराम : ते शब्द काढून 'घरच्या भांड्याच्या मापाने' असं घालायचं. दुरुस्ती तीन शब्दांची. पण ती मांडायला आधी उभं राहून सांगावं लागेल, गेल्या वेळी मी जे सांगितलं ते खरं नव्हतं. समोरचे बाकं बडवतील. मंत्री हात झटकतील.

शेवंती : तू खोटा बोललंस नाय. तुका चाय दाखवली, तू चाय सांगलंस.

जयराम : मी तपेल्याचं विचारलं नाही. सहा महिने त्या कागदावर बसलो, आणि एकदासुद्धा तुला विचारलं नाही की तू शिजवतेस कशात.

शेवंती : पेज निवता.

जयराम : महादेव, ती दोरी दे.

महादेव : ही रुक्मिणीअक्कांची हाय. गाठ तेंच्या भांड्याची.

शेवंती : माझ्या तपेल्याची घे. थांब, हुन आसा, फडक्यान धर. तू धरू नको, तुका सवय नाय... धरलंस? तशेंच उचल. हां. आता मोज रे तू.

जयराम : काही दिसत नाहीये, बाय. एवढा धूर असतो रोज?

शेवंती : आज सुकी लाकडां आसत. आज कमी.

महादेव : झालं, साहेब. ही घ्या. गाठ घट्ट मारलीया, सुटनार न्हाई.

जयराम : 'अध्यक्ष महोदय, गेल्या अधिवेशनात मी सभागृहाला सांगितलं की माझ्या बहिणीच्या चुलीला धूर येत नाही...'

शेवंती : ता खराच. धूर येणा नाय. ती कोण पेटवणा नाय म्हणान सांग. आणि कोंबडी पण सांग.

जयराम : हसतील, बाय.

शेवंती : धालांक आमी पण हसलंव. मगे ओळ फुडे सरली, सुविधा त्या ओळीत होती. एक पाय ओढीत चलत होती. मगे कोण हसला नाय.