टमाट्यांच्या कोठडीतलं बाळंतपण

हॅलो?… हॅलो! कोण?… अगं गुरू, तू व्हय! सोलापुरातनं?… व्हय, व्हय, मीच महानंदा. मोठ्यानं बोल, विहिरीतनं बोलल्यावानी आवाज यायलाय.

हां… चंद्री बाळंत झाली. पोरगी झाली, मी आजी झाले! दोघी बी खुशाल हैत.

काय?… टमाट्यात झाली म्हणून कोण सांगितलं?… टमाट्यात न्हाई गं, टमाट्यांच्या कोठडीत!… हसू नकोस. ऐक ना आधी.

तुझे भावजी हैदराबादला प्रदर्शन बघून आले न्हवं… व्हय, तवापासूनच हे खूळ. म्हणाले, माती नको, ऊन नको. खडीत रोप लावायचं, औषधाचं पाणी पाजायचं, वर विजेचा दिवा टांगायचा. निजामाचं राज्य गेलं, आता सूर्याचं बी खालसा करतो म्हणाले!

…मग काय? मागची जोंधळ्याची कोठडी रिकामी केली. खिडकी न्हाई, झरोका न्हाई. पत्र्याच्या परातीत रोपं मांडली. आधी साधे बल्ब टांगले. खाली सोडले तर पानं करपली, वर घेतले तर रोपं पिवळी पडून दोऱ्यावानी वाढली. मग ते नळीसारखे पांढरे दिवे आणले. ते तापत न्हाईत म्हणे. तरी बी भागंना, म्हणून घरातले झाडून सगळे दिवे तिकडं गेले. मी कंदिलाच्या उजेडात भाकरी थापायलेय, आन् टमाट्यांची दिवाळी!

…दिवसा? दिवसा कुठली गं वीज बीदरला? दिवस मावळल्यावर येती. आमच्या झाडांचा सूर्य सांजच्याला उगवायचा… म्हणले की! म्हणलं, माळवदावर ऊन मी म्हणायलंय, कामून कोंडायलाव त्यांला? तर म्हणाले, तुला सायन्स कळत न्हाई.

आन् परवा शेतकी खात्याचे मोठे साहेब बघायला यायचे होते. दारात कमान, कमानीला रंगीत दिवे, हार, गुलाबपाणी… आन् त्याच सांजला चंद्रीला कळा सुरू झाल्या. सिद्धव्वा सुईण आली. पोटाला हात लावला आन् तोंडच उतरलं तिचं. म्हणाली, मूल पायाळू हाय, मला लख्ख उजेड पाहिजे… व्हय, तिथंच! दुसरीकडं उजेड होता कुठं?

…हे? हे दारात आडवे. ‘रोपं मोडतील!’ म्हणाले. सिद्धव्वा म्हणाली, ‘मालक, पोरगी हातची जाईल.’ मग बाजूला सरले. एकेक परात सोता उचलून अंगणात ठेवली.

…थांब गं, पुढं ऐक. चंद्रीला आत निजवलं आन् साहेब दारात! हे कवाडाला पाठ लावून उभे. आत मला सगळं ऐकू यायलं. साहेब म्हणाले, प्रयोग दाखवा. हे म्हणाले, ‘जरा दम धरा साहेब, आत उगवण चालू हाय.’ तेवढ्यात चंद्री किंचाळली. साहेब म्हणाले, ‘ये झाडां चिल्लाते क्या जी?’

…हसतीस काय! कुणीतरी कमानीचे दिवे लावले, विजेचा जोर कमी पडला आन् आतले फडफड करायले. पोरीचा हात माझ्या हातात गारठलेला, आन् सिद्धव्वा वरडायली, ‘उजेड! मला काही दिसंना!’

…व्हय, ऐकलं त्यांनी. साहेबाच्या गळ्यात हार घालायलते. हार तसाच अर्धा लोंबता सोडून पळाले आन् कमानीची तारच हिसकून काढली. साहेब अंधारात, साहेबाचे लोक अंधारात, एकजण नालीत! आन् आत लख्ख उजेड. सिद्धव्वानं पोरीला सोडवलं… नात रडली, गुरू. लई वेळानं, पर रडली.

…साहेब? गेले फणफणत, जेवले बी न्हाईत. ह्यांचं ध्यानच नव्हतं. पायरीवर बसून लेकरावानी रडायलते… झाडं? शेरडांनी फस्त केली. काडी ठेवली न्हाई.

…सुधारले म्हणतीस? काय की बाई… थांब, हेच आले. अहो, गुरू हाय फोनवर… काय?… बरं, विचारते. गुरू, हे विचारायलेत, तुमच्या घरी एखादी बिनखिडकीची खोली रिकामी हाय का?…

हॅलो?… गुरू?… हॅलो?

अहो, ठेवला तिनं.