वगळलेलं टोक

सन्माननीय अध्यक्षमहोदया, म्हणजे आपल्या प्राचार्याबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आमचे गणित विभागप्रमुख, वहिनी, सहकारी आणि मागे दाटीवाटीने बसलेल्या विद्यार्थ्यांनो,

सरांविषयी चार गोड शब्द बोला, असं मला बजावलं आहे. बोलतो. सरांनी बावीस वर्षांत एकही तास बुडवला नाही. सरांचं अक्षर मोत्यासारखं. झालं गोड बोलून.

नऊ वर्षांपूर्वी सरांनी वार्षिक परीक्षेत विचारलं: शून्य आणि एक यांच्यामधल्या, दोन्ही टोकं वगळून, सगळ्या वास्तव संख्यांत सर्वांत लहान कोणती? उत्तरसूचीत सरांचं उत्तर होतं, शून्य. अहो, टोकं वगळा म्हणून आपणच सांगायचं आणि वगळलेलं टोक उत्तर म्हणून आपणच मागायचं?

एका लेथ कामगाराच्या मुलीने लिहिलं, "अशी संख्याच नाही. कुठलीही घ्या, तिची निम्मी तिच्याहून लहान, आणि तीही शून्याहून मोठीच." सरांनी पाचपैकी भोपळा दिला. मुलगी तीन गुणांनी नापास झाली.

ती वडिलांना घेऊन शिक्षकखोलीत आली. मी तिथेच पेपर तपासत होतो. सर कडाडले, "तू मला शिकवणार? शिंगं फुटली का?"

वडील हात जोडून म्हणाले, "साहेब, एकदा बघा तरी."

"आधी लेखी माफी, मग बघू."

मुलगी म्हणाली, "चुकलं असेल तर मागते. कुठे चुकलं ते दाखवा." मग माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही सांगा ना."

फेरतपासणी माझ्याकडेच होती. उत्तर बरोबर आहे, हे मला वाचता क्षणीच कळलं होतं. पण माझी नोकरी कायम व्हायची होती आणि शिफारस सरांच्या हातात. मी मिठाची गुळणी धरली आणि 'गुणांत बदल नाही' याखाली सही ठोकली.

तिने माफी मागितली नाही. पुढे कॉलेजातही दिसली नाही.

गेल्या महिन्यात चष्म्याच्या दुकानात गेलो, तर काचा घासायला तीच. फ्रेम माझ्या कानांवर बसवता बसवता तिने विचारलं, "सर, तेव्हा तुम्हाला कळलं होतं ना?"

"हो," म्हटलं.

"मला वाटायचं, कळलं नसेल. ते बरं होतं."

सोमवारी मी सगळं लेखी दिलं. प्राचार्याबाईंनी गुण दुरुस्त केले, त्यांचे ऋण मानतो. सरांच्याही कानावर घातलं. सर म्हणाले, "जाता जाता कशाला उकरता?" जाता जाताच उकरतोय सर, कारण तुम्ही खुर्चीवर होतात तोवर माझी छाती झाली नाही. आणि हो, "चुकलो" एवढा शब्द तुमच्या तोंडून अजून निघालेला नाही.

काल दुरुस्त गुणपत्रक तिला नेऊन दिलं. तिने दोनदा वाचलं, म्हणाली, "बाबांना दाखवते." आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. सरांची माफी मी मागणार नाही. तिची मागितली.

ती म्हणाली, "बघू."