बाबांचा डावा पाय आणि नवं मीटर

हॅलो?… हॅलो!… कोण, ताई? अगं, जरा मोठ्याने बोल, ट्रकखाली आहे मी… ट्रकखाली म्हणजे पाठीवर पडून काम करतेय गं, चिरडले नाहीये!… हो, हो, सगळं ठीक आहे. थांब, कानात घालते ते वायरवालं, हातात तेलकट हातमोजे आहेत… हां, बोल.

काय करतेय? मीटर बसवतेय. गिअरबॉक्सचं तेल किती तापलं ते दाखवणारं… नाही गं, इंजिनचं असतंच आधीपासून, हे गिअरबॉक्सचं. मागच्या महिन्यात चढावर तेल उकळून गिअरबॉक्स जळाला ना, तो पुन्हा जळू नये म्हणून… कोणी आणलं? सांगितलं तर खोटं वाटेल तुला. बाबांनी!… मलाही तसंच वाटलं! म्हणाले, दुकानदाराने गळ्यात मारलं, मला काय उपयोग त्याचा, तुला हौस आहे तर बसव.

हो ना, त्यांना कशाला लागतंय मीटर. त्यांचं मीटर म्हणजे डावा पाय… अजून तसंच. खालची रबरी मॅटसुद्धा कापून टाकलीये, नुसता पत्रा आणि त्याखाली थेट गिअरबॉक्स. चप्पल काढायची, क्लच सोडला की पाय पत्र्यावर ठेवायचा आणि न्यायाधीशासारखं सांगायचं, 'तापला. थांबूया.' आणि बरोबर असायचं गं, कधी चुकले नाहीत… हो, मागचा महिना सोडून. माहीत आहे मला, आठवण करून द्यायला नको.

अगं, ऐक ना… ताई, आधी ऐक तर!… ट्रक विकायचा विषय आत्ता नको. पाठीखाली खडे टोचतायत आणि तू… हो, वय झालंय, मान्य. एखाद्या वेळी दुर्लक्ष झालं असेल. म्हणून तर हा खटाटोप चाललाय! उद्या नव्या गिअरबॉक्सवर पहिला माल जाणार. हाही जळाला तर तू म्हणशील तसं, विकू. बास?… अगं, शब्द दिला ना!

काय?… कोणाच्या पायाला, बाबांच्या? तुझ्याकडे आले होते तेव्हा?… एवढा मोठा फोड? मला नाही बोलले… चप्पल चावली म्हणाले? मग चावली असेल… तळव्याला? तळव्याला कशी चावेल गं चप्पल! खडाबिडा गेला असेल. मलम लावलंस ना? मग झालं.

मीटर? नाही, झालं कुठे? बसवून झालंय, चालत नाहीये! आत्ता चाचणीपुरती खडी भरून ट्रक घेऊन अख्खा चढ चढून आलो, बाबा चालवत, मी शेजारी. काटा ढिम्म. जागचा हलला नाही. आणि आपले पिताश्री खूश! आधी वाकून मीटर बघतात, मग म्हणतात, 'तुझं मीटर म्हणतंय गार, माझा पाय म्हणतोय गार, उगाच दिवसभर लोळलीस.'… अगं, गार कसला! इथे खाली झळ लागतेय मला. पण हार मानतील तर ते बाबा कसले… ऐकू येतंय ना? वर बसून हसतायत.

काय, बाबा?… ताईचा फोन आहे!… ताई, जेवलीस का विचारतायत… जेवली म्हणते!… तुम्ही काय जेवलात विचारते!… जाऊ दे, तुमचं तुम्ही नंतर बोला दोघं. मी काय पोस्टमन आहे?

वायर बघितल्या गं, फ्यूज बघितला. सेन्सर तर असा बसवलाय की तेलाचा एक थेंब गळत नाही… कसा म्हणजे? आट्यांवर टेप गुंडाळली. पांढरी, नळाला लावतो ना, ती. चांगली जाड गुंडाळलीये…

अगं आई गं.

ताई, मी गाढव आहे… नाही, खरंच, लिहून ठेव कुठेतरी. अगं, या सेन्सरला एकच वायर असते. वीज परत जाते ती त्याच्या आट्यांमधून, धातूला धातू लागून. आणि मी मध्ये टेपची दुलई घातलीये! काटा हलणार काय, कपाळ!… थांब, वायरचा तुकडा आहे इथे. एक टोक सेन्सरच्या अंगाला… दुसरं चॅसीला… हं, पिळून ठेवते आत्तापुरतं.

बाबा! ओ बाबा! चावी फिरवा! इंजिन नको, नुसती चावी! काटा बघा!… हलला?… हलला! ताई, हलला!… कुठपर्यंत, बाबा?… लाल? एकदम लाल?

बघितलंस! म्हटलं नव्हतं, तापलाय म्हणून… आणि यांचं ऐक, 'हो हो, तापलाय, माझा पायही तेच म्हणतोय!' अहो, आत्ताच तर गार म्हणत होता तुमचा पाय!… हसू नकोस गं, मलाही हसू येतंय. बाहेर निघते… हातमोजे काढते… चढले केबिनमध्ये. पाय बघ कसा ऐटीत ठेवलाय पत्र्यावर, अजून. बाबा, सरका जरा, बघू तरी पत्रा कितपत… आई गं!

काही नाही, बोटं भाजली… नाही, जास्त नाही. पत्रा तव्यासारखा तापलाय.

…ताई.

ताई, त्यांचा पाय अजून तिथेच आहे.

बाबा, पाय उचला… काटा नका बघू, पाय उचला आधी!… दाखवा. तळवा दाखवा मला… थांब गं ताई, जरा गप्प बस… बाबा, हे कळत नाही तुम्हाला?… आणि हे? नखाने टोचतेय मी… काहीच नाही?… कधीपासून?… म्हणजे गिअरबॉक्स जळाला तेव्हाही?… मग बोलायचं नाही का, बाबा? एका शब्दाने?

…

नाही ऐकू आलं ना तुला. हळू बोलले. म्हणाले, 'मीटर आणून दिलं की तुला.'

…

ताई, रडू नकोस गं. मलाही नीट रडता येत नाहीये, हात तेलकट आहेत… साखर? असेल, तपासून घेऊ. उद्या आधी डॉक्टर, मग माल… मी नेणार, दुसरं कोण? हे शेजारी बसतील… विकायचं नंतर बघू गं, आत्ता त्यांच्यासमोर नको ना.

बाबा, चप्पल घाला. माझ्याकडे काय बघताय, घाला म्हणते ना!… घातली. आता समोर बघा आणि काटा कुठे आहे ते मला मोठ्याने सांगा… काय? ऐकू नाही आलं!… हां, उतरतोय? मग सांगत राहा.

ताई, ठेवते आता. बाबा काटा वाचतायत.