बिब्ब्याखालचा डाग

न्हाई गीताबाई, बिब्बा न्हाई लावत मी आता — हो, अख्ख्या सोनपेठाला लावला, काटा मोडू दे न्हाईतर टाच भेगाळू दे, नीलम्माचा हात गुणाचा, मालूम हाय मला — पर आता घरात बिब्बाच ठेवला न्हाई. का? आमच्या मालकाची टाच बघितली न्हाई का? अर्धी मुंबईच्या डागदरनं कापून ठेवून घेतली, आठवन म्हून.

तिळाएवढा काळा ठिपका व्हता. मी म्हनले, काटा असंल, दिला बिब्ब्याचा चटका. मग काय — बिब्ब्याचा डाग काळा, ह्योबी काळा, वळखायचं कसं? वाढला तर म्हनले बिब्बा पसरला, चिघळला तर बिब्बा उतला, खोबरं चोळा. हे म्हनायचे, परभणीला दाखवू. मी हसले — टाचेच्या डागाला डागदर, तुमी काय जहागीरदार लागून गेले का? त्यात नामांतराची दंगल, एसट्या बंद, मला तेवढाच बहाना. जांघंत गाठ आली तवा उठलो.

डागदर म्हने, कातडीचा कॅन्सर हाय, लाखात एकाला व्हतो — लय मान मिळाला बगा घराला. म्हने अंगात पहारेकरी असतेत, पर ही गाठ घरच्यावानी वागती, म्हून ते तिला हात लावत न्हाईत. आता त्या गाठीतच टीबीची लस टोचायलेत — हो, लेकरांच्या दंडावर देतेत तीच — पहारेकऱ्यांनी खवळून उठावं न् त्या धांदलीत चोरालाबी हानावं म्हून. खात्री? खात्री कोन देतंय. सुई दिली की ताप येतो, हे हुडहुडतेत न् मी खुश व्हते, पहारेकरी उठले वाटतं म्हून. नवरा तापला की खुश व्हनारी बाई बघितली का कुठं? सोमवारी पुन्हा मुंबई, पुन्हा सुई. भ्या वाटतं मला, खरं सांगते.

डागदरनं इचारलं, दोन वरसं टाचेला काय लावलं? मी तोंड उघडायच्या आत हे म्हनले, "काईच न्हाई. माझंच दुर्लक्ष." — माझ्याकडं बघितलंसुदिक न्हाई. पहारेकरी मालकावरच गेले बगा, घरच्याला धरत न्हाईत.

न्हाई, तुमची टाच नका दाखवू. काटा हाय का काय, मला वळखू येत न्हाई. दोनची परभणी गाडी हाय — चपला घाला न् निघा. जावा म्हनते ना.