गोदाक्कांची कोरडी काठी

मंडळी, आज एक साधा प्रश्न घेऊन उभा आहे. दिसायला साधा हं! सांगा बरं — दुसऱ्याचा भार उचलणं कठीण, की आपला भार दुसऱ्याच्या खांद्यावर टाकणं कठीण?

"उचलणं!" — आलंच उत्तर पुढच्या रांगेतून. मागून काही आलं नाही. मागची मंडळी प्रसाद काय आहे त्याचा वास घेतायत. शिरा आहे हो, शिरा! केळं घालून! आता झाला ना जीव शांत? मग ऐका.

देवरुखला गोदाक्का आठल्ये म्हणून एक बाई. सत्तरी ओलांडलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा मुकुंद कोल्हापुरात. आता गोदाक्का म्हणजे कशी बाई? आळीत कुणाचं दुखलंखुपलं — गोदाक्का हजर! बाळंतिणीला डिंकाचे लाडू — गोदाक्का! पण तिच्या हातातली पिशवी तुम्ही घ्यायला जा... "राहू दे हो, मला सवय आहे." पाणी आणून देऊ? "मी घेते ना!" असतात की नाही अशा बाया? ए, शेजारणीकडे बोट नका दाखवू! आपापल्या घरात बघा.

ह्या गोदाक्कांच्या शाळेपासूनच्या दोन मैत्रिणी. एक मालिनी — पुण्यात नोकरी केली, जपानी भाषा शिकली, त्या लोकांशी घडाघडा बोलते. दुसरी शकू मोहिते — जीभ तिखट, मन लोण्याचं. मालिनीनं एक दिवस फोन केला. "गोदे, जपानला येतेस? चालायला!"

चालायला? जपानला? अहो, लोक तिथे विमानानं जातात नि बुलेट ट्रेनमध्ये बसतात, ह्या तिघी निघाल्या चालायला! पण वाट तशीच आहे, मंडळी. जपानात शिकोकू नावाचं एक बेट आहे. त्या बेटाला वळसा घालणारी एक वाट — शेकडो वर्षं लोक चालतायत. अठ्ठ्याऐंशी देवळं! आपल्याकडे नर्मदामाईची परिक्रमा करतात ना, तशी. ज्याला जमेल त्यानं पुरी करावी, ज्याला जमेल त्यानं थोडी. ह्या तिघींनी थोडी करायची ठरवली.

आणि गोदाक्का चटकन हो म्हणाल्या! शकूला नवलच वाटलं. पण मंडळी, त्या 'हो'च्या पाठीमागे एक गोष्ट होती. ती मैत्रिणींना ठाऊक नव्हती, मुकुंदाला ठाऊक नव्हती. तुम्हाला सांगतो.

गोदाक्कांचे गुडघे गेले होते. जिना चढताना डोळ्यांत पाणी यायचं. मुकुंद आणि त्याची बायको अनुजा सारखी म्हणत — आई, आता एकटी राहू नका, कोल्हापूरला या. मुलगा गुणाचा, सूनही गुणाची! आणि तिथेच तर दुखत होतं. कारण गोदाक्कांनी स्वतःच्या सासूचं अंथरुणातलं सगळं केलेलं. वर्षानुवर्षं. आणि जाता जाता ती म्हातारी हात धरून म्हणाली होती, "गोदे, फार भार झाले गं तुला." ते वाक्य काळजात रुतून बसलं होतं. आपण अनुजाला भार व्हायचं नाही! चिपळूणच्या बाजूला एका वृद्धाश्रमात गोदाक्कांनी गुपचूप जागा बघून ठेवली. एकदा मैत्रिणींबरोबर हे चालून यायचं, आणि परत आल्यावर कुणाला न विचारता तिकडे निघून जायचं. ठरलं!

तर आता मनात ही गाठ, पायांत ती कळ, आणि गोदाक्का जपानात.

पहिल्याच देवळापाशी मालिनीनं तिघींना पांढरे अंगरखे घेतले, गवताच्या मोठ्ठ्या टोप्या घेतल्या, आणि एकेक काठी. लाकडाची, उंच, वरती चिमुकली घंटा बांधलेली. शकू म्हणाली, "आपण तिघी टोप्या घालून भाताची लावणी करायला निघाल्यासारख्या दिसतोय!" मालिनी म्हणाली, "हसू नकोस. ही साधी काठी नाही. इथले मोठे सत्पुरुष, कोबो दाइशी — ते प्रत्येक यात्रेकरूबरोबर चालतात अशी श्रद्धा आहे. काठी म्हणजे ते स्वतः! मुक्कामाला पोचल्यावर आधी काठीचा पाय धुवायचा, मग आपला. आणि पुलावर काठी टेकवायची नाही."

"का गं?"

"एकदा थंडीच्या रात्री त्यांना कुणी घरात घेतलं नाही. पुलाखाली झोपले बिचारे. अजूनही कुठल्याशा पुलाखाली निजलेले असतील, तर टकटक करून झोपमोड नको!"

बघा मंडळी! कधी काळचा तो साधू, अजून त्याच्या झोपेची काळजी! आणि आपण? देवळाच्या दारात उभं राहून हॉर्न वाजवतो!

पण आता गंमत ऐका. गोदाक्कांनी हे ऐकलं — काठी म्हणजे प्रत्यक्ष गुरुमहाराज! झालं! आपल्या बायकांना असं काही सांगावं का हो? देवरुखची बाई ती. देवाचा टाक पडला तर उचलून डोळ्यांना लावणारी. ती काय महाराजांना चिखलात टेकवणार? वर स्वतःचा भार त्यांच्यावर घालणार? शिव शिव! तिनं पदर कमरेला खोचला, काठी दोन्ही हातांनी उराशी धरली, आणि निघाली!

म्हणजे बघा — ज्या बाईला तिघींत सगळ्यात जास्त काठीची गरज, ती बाई काठीला कडेवर घेऊन चालली!

शकू म्हणते, "अगं गोदे, ती काठी आहे की नातू?"

"काठी म्हणू नकोस गं. महाराज आहेत."

"मग महाराजांना म्हणावं, उतरा थोडं, चाला पायी!"

गोदाक्का हसल्या, पण काठी काही खाली आली नाही. वाटेत एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तिघींना संत्री दिली. त्या वाटेवर रीतच आहे, यात्रेकरूला गाववाले काहीतरी देतात, आणि नाही म्हणायचं नसतं. शकूनं तिथेच सोलून तोंडात टाकलं. गोदाक्का? पिशवीतून डिंकाचा लाडू काढला आणि लगेच त्याच्या हातावर ठेवला! तो बिचारा लाडूकडे बघतोय, लाडू त्याच्याकडे बघतोय. मालिनीनं समजावलं, "गोदे, इथे परतफेड नाही करायची. नुसतं घ्यायचं." गोदाक्का म्हणाल्या, "नुसतं कसं घ्यायचं?" खरंच मंडळी, तिला ठाऊकच नव्हतं नुसतं कसं घ्यायचं ते.

मग डोंगर लागला. उंच उंच झाडी, दगडांवर शेवाळ, खाली दाट धुकं. मालिनी आणि शकू पुढे. त्यांच्या काठ्यांच्या घंटा किणकिणतायत. धुक्यात हीच खूण — घंटा वाजतेय म्हणजे मैत्रीण मागे येतेय. पण गोदाक्कांची घंटा वाजणार कशी? ती तर पदरात गुंडाळलेली! उतारावर गोदाक्कांचा गुडघा लचकला आणि त्या मटकन खाली बसल्या. हाक मारली का? छे! हाक मारणं म्हणजे त्रास देणं! बसल्या तशाच, महाराजांना पोटाशी धरून.

पुढे गेलेल्या दोघी बोलता बोलता बऱ्याच खाली उतरल्या. वळून बघतात तर गोदा नाही! पुन्हा चढ चढून आल्या, धापा टाकत. आणि शकू — आधी रडली, मग जी भडकली! "मेले, हाक मारायला तोंडाला काय झालं होतं? इथे परक्या मुलखात तुला काही झालं असतं तर मुकुंदाला काय तोंड दाखवलं असतं आम्ही? धर माझा हात!"

"नको गं. उठते मी. मला सवय आहे."

हात न धरता उठल्या. उठताना ओठ दाताखाली धरला होता, ते मालिनीनं पाहिलं.

संध्याकाळी तिघी डोंगराच्या पायथ्याशी एका घरगुती मुक्कामाला पोचल्या. फुमिए नावाच्या आजीबाईंचं घर. आजीबाई बादली घेऊन दारातच आल्या. वाकल्या, आणि रीतीप्रमाणे आधी काठ्यांचे पाय धुवायला घेतले. शकूच्या काठीला बोटभर चिखल. धुतला. मालिनीची काठी — चिखल, टोक जरा झिजलेलं. धुतली. मग घेतली गोदाक्कांची.

कोरडी!

नवी कोरी, दुकानातून आणली तशी. आजीबाईंनी टोक बोटानं चाचपलं. गोदाक्कांच्या सुजलेल्या पायांकडे पाहिलं. आत गेल्या, आणि एक जुनी काठी घेऊन आल्या. एवढीशी! कमरेच्याही खाली येईल इतकी. दोन्ही काठ्या त्यांनी शेजारी शेजारी उभ्या केल्या.

मालिनी एकेक वाक्य मराठीत सांगू लागली. आजीबाई म्हणाल्या, "ही माझ्या नवऱ्याची. पाय अधू होते त्यांचे. तरी पुन्हा पुन्हा ही वाट चालले. ही काठीसुद्धा तुमच्या काठीएवढीच उंच होती. दाइशी झिजले, म्हणून माझा माणूस दर वेळी घरी परत आला." मग त्यांनी गोदाक्कांची कोरडी काठी हातात घेतली, अगदी मायेनं. "आणि हे बिचारे तुमच्याबरोबर एवढं आले, पण तुम्ही त्यांना काही करूच दिलं नाहीत. त्यांना वाटलं असेल, ह्या बाईंना मी नकोच आहे."

मंडळी, त्या शब्दांसरशी गोदाक्का त्या परक्या उंबऱ्यावर बसल्या आणि हुंदके देऊन रडायला लागल्या.

का रडल्या? तर त्यांना सासू आठवली. पण अंथरुणातली नव्हे. त्याच्याही आधीची. रोज संध्याकाळी म्हातारीला ओटीवर घेऊन जायच्या ना, तेव्हा ती गोदाक्कांच्या खांद्यावर हात टाकायची. सगळा भार टाकायची. ओटीवर टेकली की म्हणायची, "आता कशी हवा लागली!" तो भार... तो भार गोदाक्कांना कधी जड वाटला होता का? म्हातारी गेल्यावर कितीतरी दिवस संध्याकाळ झाली की तोच खांदा रिकामा रिकामा वाटायचा! लोकांना वाटायचं, सुटली बिचारी. आणि ही स्वयंपाकघरात खांद्यावर स्वतःचाच हात ठेवून उभी असायची.

हे सगळं गोदाक्कांनी मैत्रिणींना सांगितलं. वृद्धाश्रमाचंही सांगितलं. मालिनीच्या डोळ्यांना धार लागली. शकूनं नाक पुसलं आणि म्हणाली, "सासूचा भार तुला गोड लागला, आणि तुझा भार अनुजाला कडू लागणार, हे तू परस्पर ठरवलंस? तिला विचारलंस का एकदा तरी?"

गोदाक्कांनी मान हलवली — नाही विचारलं!

दुसऱ्या दिवशी तिघी निघाल्या. अंगणातच गोदाक्का थांबल्या. काठीकडे बघून हळूच म्हणाल्या, "महाराज, राग मानू नका हं. वजन अंमळ जास्त आहे." आणि टेकवली काठी! घंटा वाजली — किण्! पुढचं पाऊल, किण्! पुढे मालिनी नि शकू चालतायत, कुणी मागे वळून बघत नाही. बघायची गरजच नाही, ऐकू येतंय ना!

आणि मंडळी, मग आला पूल.

आता आली का पंचाईत! पुलावर काठी टेकवायची नाही. महाराज निजलेत! गोदाक्कांनी काठी उचलली, एक पाऊल टाकलं, आणि गुडघा म्हणाला — नाही! उभ्या राहिल्या. पुढे जाववेना, मागे फिरवेना. शकू चार पावलं परत आली. या खेपेला ओरडली नाही. नुसती पुढ्यात पाठ करून उभी राहिली, खांदा जरासा खाली करून.

गोदाक्कांच्या ओठांवर आलं होतं — "नको गं, मला सवय..." ओठांवरच राहिलं. हात उचलला. शकूच्या खांद्यावर ठेवला. अलगद नाही हो! सगळा भार! दुसरीकडून मालिनीनं दंड धरला. आणि तिघी म्हाताऱ्या, टोप्या एकमेकींना आपटतायत, हळूहळू पूल ओलांडायला लागल्या. तीन काठ्या वर उचललेल्या, टकटक नाही, काही नाही. खाली महाराज स्वस्थ निजलेले! आणि शकू, तिखट जिभेची शकू, काय म्हणाली असेल? म्हणाली, "गोदे, सगळ्या जन्मात पहिल्यांदा मैत्रीण झालीस बघ माझी. आजवर नुसती आईपणा करत होतीस!"

पुलाच्या पलीकडे एका दगडावर बसून गोदाक्कांनी फोन लावला. तिथे दुपार, कोल्हापुरात सकाळच्या चहाची वेळ.

"मुकुंदा, आई बोलतेय. मी परत आले की तुमच्याकडे राहायला येते. मात्र एक काम कर बाबा. न्हाणीघरात भिंतीला धरायला एक दांडी बसवून घे. मला उठताना आधार लागतो."

पलीकडून मुकुंदाचा आवाज आला. "आई... अनुजानं ती गेल्या दिवाळीतच बसवून घेतलीय. तू कधी येतेस, त्याचीच वाट बघत होतो."

...

बापूराव, पेटी जरा थांबवा. एक क्षण.

मंडळी, दांडी बसलेली होती हो! केव्हाची! धरणारा हात तेवढा यायचा होता. आपण देवाला देव्हाऱ्यात ठेवतो, धूळ लागू देत नाही, आणि त्याच्यावर भार टाकायची वेळ आली की म्हणतो, नको, उगाच त्याला कशाला त्रास! मुलाबाळांशीही तेच. आपल्याला वाटतं, ह्यात केवढा आपला मोठेपणा! आणि त्या बिचाऱ्यांना वाटतं, आम्ही ह्यांना नकोच आहोत. सुरुवातीला विचारलं होतं, काय कठीण? आता द्या उत्तर. पुढची रांग का गप्प?

बरं, उत्तर तोंडानं नका देऊ. आता आरती होईल, मग तुम्ही सगळे उठाल. खाली बसून पाय आखडलेत, मला इथून दिसतंय सगळं. ते खांबाजवळचे काका मघापासून गुडघा चोळतायत. उठताना कुणीतरी हात पुढे करील — सून करील, नातू करील, शेजारी बसलेली अनोळखी बाई करील. तोंडावर येईल, "राहू दे, उठतो मी." ते गिळा! हात धरा, चांगला घट्ट धरा, आणि सगळा भार टाकून उठा.

म्हणा, रामकृष्ण हरी! चला, द्या हात एकमेकांना.