कधीच न अडलेली नायिका

डोळ्यांच्या दवाखान्यात थेंब घातले की अर्धा तास डोळे मिटून बसवतात. माझ्या शेजारी दोन म्हातारी माणसं तशीच बसली होती. एकेकाळची नायिका आणि तिच्याच नाटकाचे प्रॉम्प्टर, हे बोलण्यावरूनच कळत होतं.

"काय हो प्रॉम्प्टर, आपल्या नाटकातली ती दोघं एकमेकांसाठी मेली. ते प्रेम होतं, असं अजून वाटतं तुम्हाला?"

"म्हणजे काय! जीव दिला की त्यांनी."

"चार दिवसांत कसलं आलंय प्रेम? नुसती अंगाची ओढ."

"बाई, त्याच प्रवेशात तुम्ही दोनशे प्रयोग खरंखरं रडलात."

"रडले आणि फसले. आमचे हे त्यात नायक. विष प्यायच्या आधी माझ्याकडे बघत राहायचे आणि दर प्रयोगाला वाक्य विसरायचे. मला वाटलं, हेच प्रेम. केलं लग्न."

"मग?"

"तिसऱ्या महिन्यापासून एक अक्षर विसरले नाहीत."

"विसरायचे तेव्हा त्यांना विंगेतून मीच सांगायचो."

"हो, वहीत बघून. माझी वाक्यं आली की मात्र तुमची वही बंद! मी अडले असते म्हणजे?"

"तुमची मला पाठ होती."

"पण मी तर कधी अडलेच नाही."

"नाही ना. दोनशे प्रयोग वाट बघितली."

"आजी, डोळे उघडू नका," नर्स म्हणाली.

"हो, मिटते. मी... मी काय म्हणत होते?"

"चार दिवसांत कसलं आलंय प्रेम, असं म्हणत होतात."