पहिल्या तीन आठवड्यांची पावलं

इथं जमलेल्या सगळ्या थोरामोठ्यांना नमस्कार. सुनीताताई, तुम्हाला वेगळा नमस्कार. आज मी जे बोलणार आहे, ते जास्त करून तुमच्यासाठीच आहे.

मला नीट बोलता येईल का, माहीत नाही. कॉलेजात असताना वादविवादात भाग घ्यायचो. तिथं समोरच्याला हरवायचं असायचं, म्हणून तोंड चालायचं. इथं कुणाला हरवायचं? सकाळपासून लिहितोय आणि फाडतोय. तेव्हा अडखळलो तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी प्रशांत. नरसय्या मामांच्या घरासमोर माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. मामांनी चाळीस वर्षं एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवले. मामी गेल्यावर ते एकटेच राहायचे. गेल्या वर्षी मोरीत पाय घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण पुण्याहून त्यांची लेक, म्हणजे आपल्या ताई, धावत आल्या. येताना मनगटावर बांधायचा तो पट्टा घेऊन आल्या. पावलं मोजणारा.

ताईंची अट तुम्हा शेजाऱ्यांना ठाऊक आहे. "नाना, रोज पाच हजार पावलं. मला तिकडं फोनवर दिसतील. नाही झाली, तर सामान बांधायचं आणि पुण्याला यायचं."

ताईंचं काही चुकलं नव्हतं. शुगरचा माणूस, घरात एकटा. लेकीला झोप कशी लागेल? पण मामांचा जीव इथं होता. पुण्याचं नाव काढलं की ते पाणी प्यायला उठायचे आणि परत येऊन बसायचेच नाहीत.

पट्टा फोनला जोडून दिला मीच. पहिल्याच आठवड्यात मामा रोज दहा-बारा हजारांच्या वर. मी गल्लीभर सांगत सुटलो. दुकानात कुणी पोरगा पोट सुटलेला आला की म्हणायचो, "लाज वाटू दे, समोर बघ, पंचाहत्तरीचा म्हातारा किती चालतो."

तिसऱ्या आठवड्यात मामांना डॉक्टरकडं नेलं. रिपोर्टमध्ये साखर उतरली नव्हती, उलट थोडी चढलीच होती. डॉक्टरांनी फोनवर पावलं बघितली, परत रिपोर्ट बघितला. म्हणाले, "एवढं चालूनही उतरत नाही म्हणजे गोळी वाढवावी लागेल." आणि लिहायला घेतलं.

मामांचा फोन माझ्या हातात होता. कुठल्या तासाला किती पावलं, ते त्यात दिसतं. मी सहज बघितलं. सगळी पावलं दहा ते बारामध्ये. एका मिनिटाला जेवढी, दुसऱ्या मिनिटालाही तेवढीच. आणि आदल्या दिवशी मध्येच वीस मिनिटं शून्य. त्या वीस मिनिटांत एमआयडीसीतली लाइट गेली होती. मला पक्कं आठवत होतं, कारण तिथल्याच एका गिऱ्हाइकानं तेव्हा फोन करून चार्जिंग नाही म्हणून कटकट केली होती.

तिथंच माझी ट्यूब पेटली. मामा सकाळी जुन्या सोबत्यांना भेटायला कारखान्यात जायचे. शेजाऱ्याच्या गाडीवर मागं बसून. तिथं पट्टा काढायचे आणि मागाच्या पुढंमागं हलणाऱ्या दांड्याला बांधून ठेवायचे. सुताला मारतात ती गाठ मारून. आणि स्वतः चहा पीत बसायचे.

माझं डोकं कसं आहे ते तुम्हाला माहीत आहे. मी दवाखान्यातच ओरडलो. "मामा, खोट्या पावलांवर खऱ्या गोळ्या खाणार का तुम्ही?" बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मामा खाली मान घालून बसले. ती मान मी विसरू शकत नाही. बापाच्या वयाच्या माणसाला मी चार लोकांत चोर ठरवलं.

डॉक्टरांनी गोळी वाढवली नाही. बाहेर आल्यावर मामा एवढंच म्हणाले, "चाळीस वर्षं मी त्या मागासंगं उभा राहिलो बे. दोन तास त्यो माझ्यासाठी चालला तर काय बिघडलं?" माझ्या गाडीवर बसलेच नाहीत. रिक्षा करून गेले.

तीन दिवस त्यांनी दार उघडलं नाही. मीही गेलो नाही. माझा माज. चौथ्या दिवशी सकाळी सहाला माझ्या घराची कडी वाजली. मामा उभे. पायात नवे बूट.

"काय मोबाईलवाल्या, वरडायला येतं, चालायला येतं का?"

पहिल्या दिवशी चौकापर्यंत गेलो आणि दोनदा कट्ट्यावर बसलो. अठराशे पावलं. मामा म्हणाले, "एवढीच? हे मशीन काटा मारतंय की." मग रोज थोडं थोडं वाढत गेलं. मध्ये ताईंचे रागाचे फोन आले, पावलं कमी का म्हणून. मामांनी काय कारण सांगितलं माहीत आहे? "पट्ट्याची बॅटरी उतरलीया." दोन महिन्यांनी पाच हजार झाली. साखर उतरली. आमच्याबरोबर चालायला समोरच्या लक्ष्मीबाई आल्या, मागचे शेखचाचा आले. मामांनी सगळ्यांना व्हिडिओ कॉल शिकवला. शिकवणार मी होतो, पण मी चिडतो म्हणून मला हाकललं.

एक माझीही गोष्ट सांगतो. मी रोज मामांना एकाच गल्लीतून न्यायचो. एक दिवस म्हणाले, "हितं कुत्री लई हायत. रोज हितनंच का?" मग सांगावं लागलं. तिथं माझ्या कॉलेजातली एक मुलगी राहते. तिच्याबद्दल कुणीतरी वाकडं बोललं म्हणून मी कॉलेजात मारामारी केली, कॉलेज सोडलं, आणि दोन वर्षं त्या गल्लीतून चकरा मारतोय.

"तिला कधी बोललास?"

"नाही."

"मारामारीचं तरी तिला ठावं हाय का?"

"नाही, मामा."

ते थोडं चालले. मग म्हणाले, "म्हंजे तुझा पट्टा पन मागालाच बांधलाय की."

मी तिच्याशी बोललो. ती नीटच बोलली, पण नाही म्हणाली. त्या दिवशी मामा माझ्याबरोबर एक फेरी जास्त चालले. माझं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही. पण त्या गल्लीत आता जात नाही.

ताई, तुम्ही दिवाळीला आलात ते मामांना न्यायच्या तयारीनं. सकाळी त्यांच्याबरोबर फिरायला निघालात आणि तलावापाशी तुम्हीच दम खायला थांबलात. तिथं म्हणालात, "नाना, राहा इथंच." मी मागं उभा होतो. मामांनी माझ्याकडं बघितलं. घरी आल्यावर मला म्हणाले, "पहिल्या तीन आठवड्यांचं तिला मीच सांगनार. तू मधी पडू नको." मग संक्रांतीला सांगतो म्हणाले. मग पाडव्याला. लेकीला वाईट वाटेल, म्हणून त्यांचं तोंड उघडलं नाही.

म्हणून आज मी सांगितलं. ताई, तुमच्या फोनवर मामांची पावलं अजून असतील. पहिले तीन आठवडे खोटे आहेत. त्यानंतरचं प्रत्येक पाऊल खरं आहे, मी शेजारी चालत होतो. रागवायचं तर माझ्यावर रागवा. पण तो पट्टा तुम्ही बांधला नसता, तर मामा उठले नसते, आणि मलाही कुणी उठवलं नसतं. त्यासाठी तुमचे आभार मानायचे होते.

मामा त्या सकाळी फिरून आले, स्वतःच्या दारात खुर्ची टाकून बसले, आणि बसल्या जागीच गेले. पुण्याच्या फ्लॅटमध्ये नाही, दवाखान्यात नाही. त्यांना हवं होतं तिथं, आपल्या घरी.

आता दोन मिनिटं शांत उभं राहू या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी बसूनच राहा. मामांनी तुम्हाला उठू दिलं नसतं.